लाळ आणि नाव

माझे काम लाळेचे होते. हे मी आईला प्रथम सांगितले तेव्हा ती नागावच्या घरी पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, "पीएच.डी. झाल्यावर?"

आई निवृत्त शिक्षिका. तिला काहीही समजावून सांगायचे म्हणजे पाठाची नीट तयारी करावी लागते. मी सांगितले की पीएच.डी.नंतर काही वर्षे दुसऱ्या मोठ्या संशोधकाच्या हाताखाली काम करावे लागते. त्याला पोस्टडॉक म्हणतात. पदवी मिळालेली असते, पण स्वतःची खुर्ची मिळालेली नसते. मला मिळालेली जागा मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत होती आणि विषय होता तोंडाच्या कर्करोगाचे बायोमार्कर.

"म्हणजे?"

"भरती बांधापर्यंत येण्याआधी बांधाच्या आतली माती ओलसर होते ना, तसे. गाठ किंवा जखम डोळ्यांना दिसण्याआधी शरीर लाळेत काही द्रव्ये जास्त सोडू लागते. ती ओळखता आली तर आजार लवकर पकडता येईल."

"माती दवानेही ओलसर होते," आई म्हणाली.

"म्हणूनच पुष्कळ लोकांची लाळ लागते."

हा तिचा आक्षेप आणि माझे उत्तर, दोन्ही मी पुढे प्रकल्पाच्या पहिल्या सादरीकरणात जसेच्या तसे वापरले. आमच्या सरांना ते आवडले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. साठीचे, दम्याचे, आणि कोणत्याही निष्कर्षावर प्रथम हसून पाहणारे.

मिश्री लावणाऱ्या आणि सुपारी खाणाऱ्या स्त्रियांची लाळ आम्हाला हवी होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड हिरड्यांना चोळतात, ती मिश्री. श्रीवर्धनच्या बाजूला ती अनेक घरांत अजून भाजली जाते. श्रीवर्धनच्या अलीकडे सुपारीच्या बागांमधल्या एका गावात आईने माझ्या जन्माआधी शिकवले होते. त्या गावाच्या एका पाखाडीतल्या बायका, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या एका अरुंद वाटेवर राहणाऱ्या शेजारणी, एकेकाळी तिच्या वर्गात बसल्या होत्या. नमुने गोळा करायला मी त्या गावापासून सुरुवात केली, ती या ओळखीमुळेच.

गावातल्या आरोग्यसेविका आशाताई माझ्याबरोबर होत्या. सुपारी सोलण्याच्या शेडमध्ये बायका गोणपाटावर बसल्या होत्या. पात्यावर सुपारी आपटायची, साल एका अंगाला, फळ दुसऱ्या अंगाला. मी प्रकल्पाची माहिती वाचून दाखवली. वाचन संपल्यावर त्यांच्यातली सर्वांत बोलकी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई म्हणाली, "बाईंची लेक अगदी बाईंसारखीच वाचते. उभं राहून ऐकावंसं वाटतं."

"उभी राहशील तर सुपारी कोण सोलंल?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मग कुंकवाच्या बाईने विचारले, "नाव लिवनार?"

"नाव या कागदावर. नळीवर फक्त आकडा."

"म्हंजी थुंकी अन् नाव, दोन्ही तुझ्यापाशीच."

"हो, पण वेगवेगळी. कोणती थुंकी कोणाची, हे तपासताना मलाही कळत नाही. कळले तर माझे मन एका बाजूला झुकेल, म्हणून तशी पद्धत आहे."

त्यांनी एकमेकींकडे पाहिले. पाती थांबली नव्हती, पण बोलणे थांबले. अखेरीस कुंकवाची बाई म्हणाली, "उद्या ये, ताय. सकाळची ये. न्हाय म्हननार न्हाय आम्ही. बाईंची लेक हायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाखाडीच्या टोकाला असलेल्या एका घराच्या ओटीवर बसवले. लोकांसमोर थुंकणे बरे दिसत नाही, म्हणून एकेक जण नळी घेऊन आत माजघरात जाईल आणि भरून आणील, असे आशाताईंनी सांगितले. मला ते योग्य वाटले. मी दाराकडे पाठ करून बसले.

एकेक बाई आत जाई. थोडी शांतता होई. मग आतून खोकला येई. दोन लहान, एक लांब. त्यानंतर तांब्या ठेवल्याचा आवाज. मग ती बाई बाहेर येई, नळी पदराच्या टोकात धरून. ती माझ्या हातात कोणी दिली नाही. प्रत्येकीने ती माझ्यासमोर जमिनीवर ठेवली, आणि ठेवताना तिच्याकडे पाहिले नाही. अकरा जणी अशा आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी आतून तोच खोकला आला. जुन्या घरांत आवाज एकसारखे घुमतात, असे मी स्वतःला समजावले. मातीच्या भिंतींत आवाज घुमत नाही, हे मला अर्थातच माहीत होते.

नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून मी दिघीहून फेरीने खाडी ओलांडली, रात्री नागावला आईकडे राहिले, बर्फ बदलला, आणि सकाळी रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच धरली. बाकावर शेजारी एक कोळीण होती. तिची पाटी माझ्या पेटीला खेटून होती.

"काय, पापलेट?" तिने विचारले.

"नाही हो. तपासणीचे नमुने आहेत."

ती वाकली आणि तिने पेटीच्या फटीशी नाक नेले. मग सरळ होऊन म्हणाली, "बर्फ हाय अन् वास न्हाय. बर्फात वास नसलेलं म्या काय बघितलं न्हाय कधी." आणि तिने आपली पाटी ओढून पलीकडे घेतली.  धक्का येईपर्यंत ती अधूनमधून पेटीकडे पाहत होती.

प्रयोगशाळेत लाळ आल्यावर तिचे दोन भाग करतात. एक तपासायचा, एक अतिशीत कपाटात राखून ठेवायचा. मग सर्व गावांचे नमुने एकत्र मिसळून त्यांचा क्रम बदलतात, म्हणजे एका गावाच्या नळ्या एका रांगेत येत नाहीत. यंत्र प्रत्येक नमुन्यासाठी एक रेषा काढते. जिथे एखादे द्रव्य जास्त, तिथे रेषा वर चढते. दोन माणसांच्या रेषा कधीच हुबेहूब सारख्या नसतात. सकाळी काय खाल्ले, किती पाणी प्यायले, दात कसे आहेत, या साऱ्याने त्या बदलतात.

पहिली विचित्र रेषा मी दुपारी पाहिली. आम्ही ज्या द्रव्याच्या शोधात होतो ते तिच्यात फार उंच गेले होते, आणि त्याच्या शेजारी एक लहान, वाकडे शिखर होते, एखाद्याने मान तिरकी करावी तसे. मी आकडा टिपला. काही नमुन्यांनंतर तीच रेषा पुन्हा आली. तीच उंची, तीच तिरकी मान. आकडा वेगळा. मग पुन्हा. त्या आठवड्यात ती रेषा मला नको तिथे भेटत राहिली. दुसऱ्या कुणाच्या तरी रेषा चालू असायच्या, सरळ, शांत, आणि मधूनच ती वर यायची. तिसऱ्या दिवशी पडद्यावर रेषा पुढे सरकत असताना शिखर येण्याआधीच मला कळू लागले की ती येते आहे. हे कसे कळत होते, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

अशा वेळी घाबरायचे नसते, शक्यता खोडायच्या असतात. एका नळीतला थेंब दुसरीत गेला असेल, म्हणून राखून ठेवलेले भाग काढून मी स्वतंत्रपणे तपासले. रेषा तीच. यंत्रात काही साचले असेल, म्हणून मध्ये नुसते पाणी घालून पाहिले. पाण्याची रेषा सपाट आली आणि त्यानंतरच्या नमुन्यात ती बाई पुन्हा उभी. 'ती बाई' हा शब्द माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला.

शेवटी उरलेली शक्यता तपासायची होती. लाळेत गालाच्या आतल्या पेशी असतात. त्या पेशींवरून दोन नमुने एकाच माणसाचे आहेत की नाहीत हे ठरवता येते. तपासणीचा अहवाल आला तेव्हा सर खिडकीशी उभे राहून औषधाचा पंप ओढत होते. मी त्यांना सांगितले की अकरा नमुने एकाच स्त्रीचे आहेत.

ते हसले नाहीत. खुर्चीवर बसले. "अकरा बायका आणि एकच तोंड. अशा गोष्टी माझी आत्या सांगायची. पण ती पुरावे जोडत नसे."

"सर, त्या तोंडात काहीतरी आहे."

"असेल. तुझी खूण अजून परीक्षेला बसली आहे, पास झालेली नाही. आणि नमुने चुकीचे आहेत हे तूच सिद्ध केलेस. अकरा काढून टाक, पुढे जा. तुला निबंध लिहायचाय की भूत धरायचंय?"

"भूत असते तर पेशी सापडल्या नसत्या."

त्यांनी पंपाचे टोपण बसवले. मग म्हणाले, "पत्र लिही नीतिसमितीला. सही करतो."

आकडे आणि नावे जोडण्याची परवानगी मिळाली. अकराही नावे त्या एकाच पाखाडीतली निघाली. मला तेव्हा वाटले, आता सोपे आहे. या अकरांपैकी कोणीतरी एक इतरांच्या वतीने थुंकली असणार, अकरा तोंडे पाहिली की तिचे तोंड सापडेल. उशीर मात्र चालणार नव्हता. रेषेची ती उंची खरी असेल, तर कुठल्यातरी गालात किंवा जिभेखाली काहीतरी वाढत होते. लवकर सापडले तर ते काढता येते. उशिरा सापडले तर त्याबरोबर जबडाही काढावा लागतो, आणि कधी कधी तेवढ्यानेही भागत नाही.

श्रीवर्धनची एक तरुण दंतवैद्य माझ्याबरोबर आली. गावातल्या शाळेने सुट्टीच्या दिवशी एक वर्ग उघडून दिला, आईचाच जुना वर्ग. अकराही जणी आल्या. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसल्या. दंतवैद्य एकेकीला खिडकीशी नेई, मान उजेडाकडे वळवी, जीभ बाजूला सारून पाही. काळवंडलेले दात, मिश्रीने डागाळलेल्या हिरड्या, पण जखम कुठेच नाही. ज्यांची तपासणी झाली त्या परत येऊन बाकावर बसत आणि पुढे काय होते ते पाहत. कोणी काही विचारले नाही. आपल्याला काही झाले आहे का, एवढेही नाही. दवाखान्यात बोलावलेला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. त्यांना उत्तर माहीत असावे, अशा त्या बसल्या होत्या.

शेवटचे तोंड मिटल्यावर दंतवैद्य हातमोजे काढत माझ्या कानाशी म्हणाली, "जिला शोधता आहात ती यांच्यात नाही."

त्याच क्षणी खिडकीबाहेर कोणीतरी खोकले. दोन लहान, एक लांब.

मी बाहेर धावले. टळटळीत दुपार होती. पाखाडी वरपासून खालपर्यंत रिकामी होती. शाळेशेजारच्या खळ्यात सुपारी वाळत पसरली होती, आणि तिच्यावरून नुकतेच कोणी चालत गेल्यासारख्या काही सुपाऱ्या अजून डुगडुगत होत्या. मी पाहत असतानाच त्या स्थिर झाल्या. मागे वळले तर अकराही जणी शाळेच्या दारात उभ्या.

"कोण खोकले?" मी विचारले.

"कोन न्हाय," कुंकवाची बाई म्हणाली.

"मी ऐकले."

"वारा आसंल, ताय."

झाडाचे पान हलत नव्हते.

त्या रात्री नागावला मी आईला सारे सांगितले. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, आणि तिच्या बाबतीत हे क्वचित घडते. शेवटी म्हणाली, "वर्गात खोडी झाली आणि 'कोणी केली' असे विचारले, तर मुले कुठे पाहतात?"

"ज्याने केली त्याच्याकडे."

"पहिलीत. चौथीपर्यंत शहाणी होतात. मग सगळीकडे पाहतात, फक्त त्या एका बाकाकडे पाहत नाहीत. शिक्षकाने तो बाक पाहायचा."

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. कागद नेले नाहीत, नळ्या नेल्या नाहीत. बायका गोणपाटांवर बसल्या होत्या. अकरा त्या आणि आणखी काही. मी दारात उभी राहिले आणि वर्गात सांगावे तसे सावकाश सांगितले की मी गोळा केलेल्या थुंकीत एका स्त्रीचे तोंड आजारी दिसते आहे, ती कोण हे मला माहीत नाही, आणि तिला वेळेवर डॉक्टरकडे नेले तर ती वाचू शकेल.

पाती थांबली.  बायका माझ्याकडे पाहत होत्या, एकमेकींकडे, छपराच्या पत्र्याकडे, सालांच्या ढिगाकडे. आणि कोणीही डाव्या कोपऱ्याकडे पाहत नव्हते. नजरा तिथपर्यंत जात आणि तो कोपरा ओलांडून पलीकडे जात, जशी वाट एखाद्या दगडाला वळसा घालते.

मी कोपऱ्याकडे पाहिले. तिथे एक सडपातळ बाई बसली होती, पन्नाशी ओलांडलेली. पदराचे टोक तिने तोंडाशी धरले होते. तिच्यासमोर सोललेल्या सुपारीचा ढीग सर्वांत मोठा होता. यापूर्वी मी या शेडमध्ये आले होते तेव्हाही ती तिथेच बसलेली असणार. मला ती आठवत नव्हती.

"नाव नको इचारू," कुंकवाची बाई एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "ताय, नाव तेवडं नको."

"का?"

 मग आशाताईच बोलल्या. त्या दाराशी होत्या आणि माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. या पाखाडीत कोणी आपली थुंकी, नखे, केस नावासकट दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नाही. दोन्ही एकत्र आली की करणी करणाऱ्याला ठिकाण सापडते. बाईंच्या लेकीला नाही म्हणणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी वाट काढली. नावे आपली द्यायची, थुंकी दुसऱ्या कुणाची तरी. म्हणजे कागदावरच्या नावाने काही केले, तर ते लागणार नाही. आणि थुंकीला तिचे नावच नसल्यामुळे तीही सुटेल.

मी ऐकत होते आणि मला याच शेडमधले पहिल्या दिवशीचे माझेच शब्द ऐकू येत होते. नाव वेगळे, थुंकी वेगळी. कोणती कोणाची ते कोणालाच कळता कामा नये. आमच्या पद्धतीचे कारण निराळे आहे, पण आचार तोच.

"तिनं आपनहून दिली," कुंकवाची बाई म्हणाली. "आम्ही जबरदस्ती न्हाय केली."

तेव्हा कोपऱ्यातली बाई खोकली. दोन लहान, एक लांब. पदर तोंडावरून न काढता ती बोलली. शब्द जड येत होते. "मला मागं कोन न्हाय. नवरा गेला, पोर झालं न्हाय. करनी लागली तरी कोनाचं काय जानार? म्हनून म्या म्हटलं, आना नळ्या हिकडं."

"मग?"

"मग म्हयन्याभरात तोंडात फोड आली. जाईना."

पलीकडे कोणीतरी हुंदका दिला. त्या काय लपवत होत्या ते तेव्हा माझ्या लक्षात आले. त्यांना तिच्या फोडीची माहिती होती. शाळेत त्या बाकांवर ती माहिती घेऊनच बसल्या होत्या. त्यांच्या हिशेबाने अकरा नावांवर टपून बसलेले जे काही होते, ते नावांपाशी गेले, तिथे थुंकी सापडली नाही, म्हणून ते थुंकीमागून माग काढत हिच्या तोंडात शिरले. तिचे नाव उच्चारले तर त्याला घरही कळेल, असे त्यांना वाटत होते. आणि हे सारे आपल्यामुळे झाले, असेही.

"अकरा जनींचं म्या घेतलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "आता ते हाय माज्यापाशी."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. हाताशी असते तर खडू आणि पाटी घेऊन समजावले असते. मी विचारले, "मावशी, आधी थुंकलात की आधी फोड आली?"

"आधी थुंकले."

"त्या थुंकीतच आजाराची खूण होती. तुम्ही पहिल्या नळीत थुंकलात तेव्हा इतर दहा नळ्या रिकाम्या होत्या. माझ्या पेटीत तुमच्याशिवाय काही नव्हते. पहिल्या नळीतली खूण आणि अकराव्या नळीतली खूण सारखीच आहे, वाढलेली नाही. या बायकांकडून काही आले असते तर ते नळीगणिक वाढले असते."

ती विचार करत राहिली. इतर बायकाही. मला वाटते त्या शेडमध्ये माझे ते एकच वाक्य खऱ्या अर्थाने तपासले गेले.

"म्हंजी आदीच व्हतं?"

"आधीच होते. दिसत नव्हते, एवढेच."

"मग त्यास्नी सांग तसं," ती म्हणाली आणि प्रथमच पदर तोंडावरून काढून तिने इतरांकडे हात केला. "मोठ्यानं सांग. बाई सांगायच्या तसं."

मी उठून उभी राहिले आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. मध्येच कुंकवाची बाई उठली आणि कोपऱ्यात जाऊन तिच्या शेजारी बसली. मग दुसरी. मी बोलणे संपवले तेव्हा उजवा कोपरा रिकामा झाला होता.

श्रीवर्धनच्या दवाखान्यात दंतवैद्याने त्याच दिवशी तिची जीभ उचलून पाहिली आणि लगेच मुंबईच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. वर नाव लिहायची जागा होती. तिने लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. मी मावशींकडे पाहिले. बरोबर आलेल्या दोघी-तिघी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी कानांवर हात ठेवले. मावशींनी आपले पूर्ण नाव सांगितले, नवऱ्याच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगावे तसे स्पष्ट. मी ते इथे लिहीत नाही.

मांसाचा तुकडा तपासला गेला. कर्करोगच होता, पण लहान होता आणि गळ्याच्या गाठींपर्यंत पोहोचला नव्हता. शस्त्रक्रियेत जिभेचा कडेचा भाग गेला. मुंबईच्या रुग्णालयात त्या अकरा जणी पाळीपाळीने येऊन राहिल्या. परिचारिका रोज विचारी, "तुम्ही पेशंटच्या कोण?" आणि रोज वेगळी बाई म्हणे, "भन." शेवटी ती वैतागून म्हणाली, "मावशी, तुम्हाला बहिणी तरी किती?" मावशींना तेव्हा बोलता येत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांची बोटे दाखवली, आणि मग एक.

रुग्णालयात नाव पुकारतात. बाहेरच्या कर्ण्यावरून तिचे नाव घुमले की ती दर वेळी दचके आणि तळहात तोंडावर ठेवी. मग उठून आत जाई. हे शेवटपर्यंत गेले नाही.

काही महिन्यांनी फेरतपासणीला आली तेव्हा तिने मला गाठले. तिचे बोलणे आता समजून घ्यावे लागे, अर्धे ओठांवरून. तिने विचारले, "त्या नळ्या अजून हायत?"

"आहेत. कपाटात."

"बर्फात?"

"हो."

"त्या संपव, ताय. अकरा नावांवर माझी थुंकी अशी तिष्ठत र्‍हायलीय. अन् संपवताना माझं नाव घेऊ नको."

नियमही तेच सांगत होता. ज्या नमुन्याचा दाता आणि नाव जुळत नाही, तो प्रकल्पातून काढून नष्ट करावा. सरांनी कागदावर सही केली आणि प्रथमच विनोद केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "तुझी ती रेषा... तिच्या नव्या नमुन्यात?"

"सपाट आहे, सर. नव्या नमुन्यात नाही ती."

"बरे," ते म्हणाले. "एका बाईवरून पास करता येत नाही. पण बरे."

नमुने नष्ट करण्याचे यंत्र म्हणजे वाफेचे मोठे भांडे. दाब आणि उष्णता मिळून आत सजीव काहीही उरत नाही. दुपारी प्रयोगशाळेत कोणी नव्हते. मी कपाटातून राखून ठेवलेल्या नळ्या काढल्या. त्यांच्यावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता, आणि एकेक हातात घेताच माझ्या बोटांच्या जागी तो वितळून आकडा दिसू लागे. मी त्या जाळीच्या टोपलीत ठेवल्या. शेवटची ठेवताना माझ्या मागे, शीतकपाटाच्या बाजूला, आवाज आला. दोन लहान, एक लांब. त्या कपाटाची मोटर सुरू होताना अडखळते, हे मला पूर्वीपासून माहीत होते. मी वळून पाहिले नाही.

झाकण लावून मी चाक घट्ट फिरवले. वाफ भरू लागली. काटा हळूहळू वर चढला, एका ठिकाणी थांबला. पद्धत अशी आहे की काटा खाली येईपर्यंत समोर उभे राहायचे आणि लक्ष ठेवायचे. बोलू नये, असे पद्धतीत कुठेही लिहिलेले नाही.

मी तळहात तोंडावर ठेवला आणि काटा पूर्ण खाली येईपर्यंत तसाच ठेवून उभी राहिले.